दाते गिअरचे, दुखणं बेअरिंगचं

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या, ट्रकबरोबर निदानही तयारच येतं: "स्पर गिअर गेलाय, नवीन टाकून दे." स्पर म्हणजे मोटरकडून ताकद घेणारा मोठा गिअर, आणि तो गेलेला असतोच, त्यात वाद नाही. पण मागच्याच महिन्यात बसवलेला गिअर पुन्हा का गेला, हे कुणी विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट डुगडुगतो, शाफ्ट डुगडुगला की दाते अर्धवट भिडतात, आणि अर्धवट भिडलेले दाते जोर आला की सोलले जातात. म्हणून माझा शिरस्ता असा की गिअर तुटलेला सापडला, तर त्या शाफ्टची दोन्ही बेअरिंगं बाहेर काढून बघितल्याशिवाय नवा गिअर बसवायचा नाही.

आधी बिघाड नेमका कुठे, ते शोधू. मोटरपासून चाकापर्यंत ताकद एकाच वाटेने जाते: पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर), स्पर, स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच), गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, डिफ (डिफरेन्शियल, दोन बाजूंना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच), अ‍ॅक्सल आणि शेवटी चाकाचा हेक्स, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा. मोटर फिरतेय आणि ट्रक हलत नाही, तर बॉडी आणि स्परवरचं झाकण काढा, चाकं अधांतरी ठेवा आणि थ्रॉटलला अगदी हलका हात लावा. बोटं आणि बाही लांब ठेवा. मोटरचा शाफ्ट फिरतोय पण पिनियन थांबलेलं आहे? पिनियनला शाफ्टवर आवळणारा बारीक ग्रब स्क्रू सुटलाय. तो शाफ्टच्या चपट्या बाजूवरच बसला पाहिजे, आणि निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावूनच. (थ्रेडलॉक फक्त धातूवर धातू असेल तिथे. प्लास्टिकला लागलं तर तडे जातात.) पिनियन फिरतंय, स्पर फिरत नाही, तर दाते बघा. स्परही फिरतोय पण पुढे काही पोचत नाही, तर स्लिपरचा नट ढिला आहे किंवा बिघाड गिअरबॉक्सच्या आत आहे.

सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा डिफ) असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रकची एक गंमत सांगतो. एका चाकाच्या हेक्समधली बारीक पिन पडली, तरी अख्खा ट्रक जागेवर बसतो. ओपन, म्हणजे लॉक नसलेला, डिफ ताकद नेहमी मोकळ्या वाटेला सोडतो, त्यामुळे सगळा जोर त्या एका सुट्या अ‍ॅक्सलमध्ये वाया जातो. डिफमध्ये जाड तेल असेल तर रखडत चालेल, इतकंच. म्हणून गिअरबॉक्स उघडण्याआधी चारही चाकांचे नट काढून पिना आहेत का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि गिअरबॉक्स उघडायला तासभर जातो.

आवाज हा दुसरा पुरावा. थ्रॉटल दिल्यावर किर्र किंवा शिट्टीसारखा आवाज आणि वेग मात्र मागे, तर स्लिपर घसरतोय. कटकट फक्त चाक वळवल्यावर येत असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे बघा. सरळ जातानाही जोर दिल्यावर कटकट येते, तर डिफवरचा मोठा क्राऊन गिअर आणि त्याला फिरवणारं पिनियन एकमेकांवरून उड्या मारतायत. थ्रॉटल सोडल्यावरही खरखर चालूच राहिली, तर शंभरातल्या नव्वद वेळा मी आधी बेअरिंगच बघतो.

डिफची परीक्षा हाताने होते. सेंटर शाफ्ट घट्ट धरा आणि एक चाक फिरवा, त्याच डिफचं पलीकडचं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. नाही फिरलं, किंवा फिरताना दाणे चुरडल्यासारखं लागलं, तर आतले छोटे गिअर गेले. मग दोन्ही चाकं दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा आणि शाफ्ट पिळा. थोडा प्ले (ढिलेपणा) चालतो, पण शाफ्ट गोल फिरलाच तर क्राऊन गिअर संपला. नवा बसवताना बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवा, आणि आधी त्या पिनियनचं बेअरिंग बदला. तेच ढिलं असेल तर कितीही शिम घातले तरी उपयोग शून्य.

आता बेअरिंग. मोटर मागे सरकवून पिनियन स्परपासून सोडवा, नाहीतर मोटरच्या चुंबकाचा अडखळा बेअरिंगचा वाटतो. मग प्रत्येक चाक वर-खाली हलवा. डावं आणि उजवं ताडून बघा. एका बाजूला जास्त प्ले असेल तर तिथे हात घाला. बाहेर काढलेलं बेअरिंग बोटाच्या टोकावर घेऊन टिचकी मारायची आणि किती वेळ फिरतंय ते मोजायचं, ही हौस सोडा. ग्रीस भरलेलं नवं कोरं बेअरिंग लगेच थांबतं, आणि झिजलेलं खुळखुळं मस्त गरगरतं. आतली रिंग हलका दाब देऊन अगदी सावकाश फिरवा. एखाद्या जागी अडखळली, वाळू लागल्यासारखी झाली, तर ते बाद.

नुसती माती गेली असेल तर धुऊन वाचतं. रबरी सील आतल्या रिंगच्या कडेला सुईचं टोक घालून अलगद उचला. बाहेरच्या कडेला खुपसलं तर सील वाकतं आणि पुन्हा नीट बसत नाही. पत्र्याची शील्ड बहुधा बारीक सी-क्लिपने अडकवलेली असते. क्लिपचं टोक शोधा, आणि ती उडते, म्हणून वर बोट ठेवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, ते स्वच्छ दिसेपर्यंत अल्कोहोल बदलत राहा. हवेने वाळवताना रिंग धरून ठेवा. कोरडे छर्रे हवेच्या झोताने गरगर फिरवले की तिथेच ओरखडे पडतात. चिखलात जाणाऱ्या चाकांच्या बेअरिंगात ग्रीस भरा, साधारण एक तृतीयांश जागेपुरतं. वेगाने फिरणाऱ्या गिअरबॉक्सच्या वरच्या शाफ्टला पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. गंज काढायचे स्प्रे लोक वंगण म्हणून मारतात. ते आतलं ग्रीस धुऊन नेतात आणि स्वतः उडून जातात.

नवं घेताना तीन आकडे बघा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. 5×11×4 म्हणजे मिलिमीटरमध्ये हेच. जुन्याचं माप कॅलिपरने घ्या, अंदाजाने नको, कारण 5×10×4 सुद्धा मिळतं आणि ते हाऊसिंगमध्ये खुळखुळतं. बसवताना हबमध्ये (चाकामागच्या, बेअरिंग बसतं त्या भागात) ढकलायचं तर जोर बाहेरच्या रिंगवर, अ‍ॅक्सलवर ढकलायचं तर आतल्या. उलटं केलंत तर दाब छर्र्यांतून जातो आणि रिंगवर खड्डे पडतात. नवं बेअरिंग हबमधून आपोआप गळून पडत असेल तर हबच बदला, प्लास्टिकचं भोक लांबट झालंय. अ‍ॅक्सलवर चकाकणारा पट्टा आणि खाच दिसली तर आतली रिंग अ‍ॅक्सलवर घसरत होती. मग अ‍ॅक्सलही बदला.

शेवटी पिनियन परत जुळवा. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरांमध्ये घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. घड्या पडाव्यात, कागद फाटू नये. स्पर पूर्ण गोल क्वचितच असतो, म्हणून तीन-चार जागी प्ले तपासा. पिच म्हणजे दात्यांचं माप. 32 पिचच्या स्परला 48 पिचचं पिनियन कधीच जुळत नाही, कितीही सरकवा. पहिली बॅटरी संपल्यावर चारही हबना हात लावा. एकच हब इतरांपेक्षा गरम लागलं, तर तिथलं बेअरिंग परत बाहेर.