लूपरवर एकट्याचा बँड: आधी पाय समेवर येऊ दे, मग बाकीचं

२०२५ च्या जानेवारीत एड शीरन हा इंग्लिश गायक पुण्यात येऊन गेला, यश लॉन्सवर, गिटार आणि पायाखाली लूपर घेऊन, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मला तीन जणांनी विचारलं की लूपर कुठला घेऊ. तिघांनाही गिटार येत होती, गळा पण बरा होता, आणि तिघांचाही समज एकच, की मशीन आलं की बँड आला. एकाने घेतला पण, आणि चार महिन्यांत विकायला काढला. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. मी काही मोठा आर्टिस्ट नाहीये, दिवसा नोकरी करतो, शुक्रवार-शनिवार कॅफेत वाजवतो, गणपतीत सोसायट्यांचे कार्यक्रम करतो, दोन सीझन गोव्याला बीचवरच्या शॅकवर पण वाजवलंय. सगळी दुसऱ्यांचीच गाणी, म्हणजे कव्हर. पण चुका मात्र ओरिजिनल केल्यात आणि भरपूर केल्यात.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. लूपर म्हणजे पायाने दाबायची डबी. दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, वाजवायचं, परत दाबलं की वाजवलेला तुकडा गोल गोल फिरत राहतो, मग त्याच्यावर दुसरा थर, तिसरा थर. तबला सोलोला हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो ना, तेच ते, अर्धा तास तेच, तसं काम आहे हे, फक्त इथे लेहरा पण आपणच वाजवायचा आणि वर तबला पण आपलाच. आयडिया जुनीच आहे, सत्तरच्या दशकात रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो हे दोन ब्रिटिश संगीतकार दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यातून फिरवत होते. २००४ मध्ये केटी टनस्टॉल नावाची बाई बीबीसीच्या एका शोमध्ये गिटार आणि लूपर घेऊन एकटी उभी राहिली आणि तिथून हे सगळ्यांच्या डोळ्यात भरलं. तो व्हिडिओ शोधून बघा आणि तिच्या हातापेक्षा पायाकडे बघा.

गोव्यात हॉटेलांमध्ये वन मॅन बँड आधीपासून आहेत, कीबोर्ड, माइक आणि भरलेले ट्रॅक. ते वाईट नाही, त्यातले कितीतरी लोक माझ्यापेक्षा दहापट छान गातात. पण ट्रॅक चुकत नाही आणि लूपर तुमची चूक परत परत ऐकवतो, हा फरक लक्षात ठेवा. लोकांना मजा पण त्याचीच येते, की हा आत्ता इथे चुकू शकतो.

आता मशीनचं. नवीन असाल तर एकच पेडल असलेलं साधं घ्या, बॉस कंपनीचं आरसी-१ किंवा टीसी कंपनीचं डिट्टो, सेकंडहँड मिळालं तर अजून बरं. डिट्टोमध्ये पाच मिनिटं मावतात, आरसी-१ मध्ये बारा, आणि आपल्याला लागतात बारा सेकंद, त्यामुळे त्या आकड्यांच्या नादी लागू नका. एका पेडलची एकच खरी अडचण म्हणजे थांबवायला दोनदा टकटक करावं लागतं, आणि ते नेमकं मात्रेवर थांबत नाही, जरा रेंगाळतं. आरसी-१ ला वेगळा फूटस्विच जोडता येतो, तो जोडा. वर्षभराने दोन ट्रॅकवाला घ्या, तो कशाला हे खाली सांगतो. पाच ट्रॅकचा आरसी-५०५ दिसायला भारी आहे पण तो टेबलावर ठेवून हाताने चालवायचा आहे, बीटबॉक्सवाल्यांसाठी बेस्ट, गिटारवाल्याचे दोन्ही हात आधीच गुंतलेले, मग तो काय नाकाने दाबणार?

आता मुख्य गोष्ट. मी लहानपणी तबला शिकलोय, प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेपर्यंत, मग दहावी आली आणि सुटला. समेबद्दल, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेबद्दल, सर एक वाक्य हजारदा म्हणायचे, "अरे, सम म्हणजे शेवट नाही, सम म्हणजे सुरुवात." तेव्हा काय कळलं नव्हतं, लूपर घेतल्यावर कळलं. नवीन माणूस काय करतो, एक-दोन-तीन-चार मोजतो, चार संपले की दाबतो. चार संपले म्हणजे नक्की कधी? तिथेच घोळ. दाबायचं असतं पुढच्या "एक"वर, बरोब्बर, पाय आणि गिटारचा स्ट्रोक एकाच वेळी. मोजायचं एक-दोन-तीन-चार-एक, आणि त्या दुसऱ्या "एक"ला हात थांबवायचा नाही, वाजवत राहायचं, नाहीतर लूपच्या सांध्यावर भोक पडतं. ८० चा टेम्पो धरा, चार मात्रांचा एक बार तीन सेकंदांचा, चार बारांचा लूप बारा सेकंदांचा. पाय एक दशांश सेकंद उशिरा पडला तरी दर बारा सेकंदांनी ठेच लागणार, आणि त्याच्यावर तुम्ही कितीही गोड गा, ऐकणाऱ्याला काय होतंय ते सांगता येत नाही पण तो चमचा खाली ठेवतो आणि वळून बघतो.

मी पहिले दोन महिने गिटार बाजूला ठेवून नुसता पाय घोटला. मोबाईलवर मेट्रोनोम, केहरवा तोंडाने म्हणायचा, धा गे ना ति न क धि न, आणि प्रत्येक "धा"ला फरशीवर ठेवलेल्या चपलेवर पाय. हो, चप्पल. खालचे काका वर आले होते विचारायला. बूट घालून वाजवणार असाल तर प्रॅक्टिसही त्याच बुटात करा, अनवाणी पायाला पेडल वेगळं लागतं आणि जाड सोलच्या बुटात वेगळं, मी पहिल्या कार्यक्रमाला नवीन बूट घालून गेलो होतो आणि काय झालं ते विचारू नका.

बरं, पाय बसला, आता गाणी कुठली? इथे बहुतेक जण मार खातात. इंग्लिश पॉपमध्ये अशी खूप गाणी आहेत ज्यात चारच कॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतात, सी, जी, ए मायनर, एफ, संपलं. ती लूपरसाठीच जन्माला आली आहेत. पण आपली जुनी हिंदी-मराठी गाणी तशी नाहीत. मुखडा एका घरात, अंतरा दुसऱ्या घरात, मध्ये म्युझिकचा पीस तिसरीकडेच, आणि अंतऱ्याची शेवटची ओळ परत मुखड्यात आणून सोडणारी. तुम्ही मुखड्याचा लूप फिरवत ठेवला आणि अंतरा आला की तो लूप तुमच्या गळ्यात पडतो. इथे दोन ट्रॅकवाला कामाला येतो, एकावर मुखडा, दुसऱ्यावर अंतरा. पण मला विचाराल तर त्याच्यापेक्षा सोपी आणि लोकांना जास्त आवडणारी युक्ती म्हणजे लूपमध्ये कॉर्ड भरायच्याच नाहीत. नुसता ठेका भरायचा, गिटारच्या लाकडावर ब्रिजजवळ अंगठ्याच्या तळाने धप्प, आणि वरच्या कडेला बोटांनी टक, झाला ढोलक. फार तर एक षड्ज-पंचम धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. कॉर्ड हाताने लाइव्ह वाजवा, मग अंतरा कुठेही जाऊ दे. कोळीगीतं अशी अफाट वाजतात, सहा मात्रांचा झुलता ठेका एकदा बसला की गणपतीत सोसायटीतल्या काकू खुर्च्या मागे सारतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, एक आवर्तन भरलं की अख्खा अभंग त्याच्यावर जातो. टाळ हवा असेल तर खराच टाळ घेऊन माइकसमोर एकदा वाजवा, छातीशी धरून, नाहीतर फार टोचतो.

लूपवर गाणं धीमं-जलद करता येत नाही हे पण आधीच मनाशी धरा. ज्या गाण्यात मध्येच लय बदलते, किंवा गायक मोकळा आलाप घेऊन मग ठेक्यावर येतो, तिथे आलाप आधी गाऊन घ्या, लूप नंतर सुरू करा.

आता वेळेचा हिशोब, कारण हा कोणी शिकवत नाही. बारा सेकंदांचा लूप. ठेका बारा सेकंद, बेस (खालचे जाड सूर) बारा, कॉर्ड बारा, वरची छोटी लाइन बारा. झाली ४८ सेकंद, तुम्ही अजून एक शब्द गायला नाही आहात आणि समोरच्या टेबलावर सगळे मोबाईलमध्ये. पहिल्या सहा महिन्यांत मी हेच करत होतो, थर रचण्यात मला इतकी मजा यायची की लोक गाणं ऐकायला आलेत हे विसरायचो. उपाय एकच, गाता गाता भरायचं. फक्त गिटार लूपरमधून जाऊ द्या आणि माइक सरळ साऊंडच्या मिक्सरला. मग पहिलं कडवं तुम्ही साधं गिटारवर गाताय असं लोकांना वाटतं आणि खाली पायाने ते भरून घेताय, दुसऱ्या कडव्याला बेस, आणि ध्रुवपदाला सगळं एकदम उघडतं. पहिला शब्द पंधरा सेकंदांच्या आत आला पाहिजे असा मी स्वतःला नियम घातलाय, आणि कुठल्याही गाण्याला चारच्या वर थर नाहीत. प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा हळू आवाजात वाजवायचा, नाहीतर चौथ्या थराला नुसता गोंगाट होतो आणि आवाज त्यात बुडतो.

माइक सरळ मिक्सरला का, तर त्याची एक गोष्ट आहे. एका कॅफेत मला हौस आली की तीन आवाजांची हार्मनी भरू, म्हणून माइक लूपरमध्ये घातला. पहिला आवाज छान भरला. दुसरा भरायला लागलो आणि नेमकं किचनमध्ये कोणीतरी मिक्सर लावला, आणि त्याच्यावर आवाज चढवून वेटर ओरडला, "तीन नंबरला दोन कोल्ड कॉफी!" ते सगळं आत गेलं. मला कळलंच नाही, मी तिसरा आवाज भरला आणि गायला लागलो. आणि मग बारा सेकंदांनी, आ… आ… घर्रर्र… तीन नंबरला दोन कोल्ड कॉफी. परत बारा सेकंदांनी. आता अन्डू करायचं तर अन्डू फक्त शेवटचा थर काढतो, आणि कोल्ड कॉफी खालच्या थरात. तीन नंबरवाले हसायला लागले, मग चार नंबरवाले, आणि शेवटी तो वेटर किचनच्या दारात येऊन स्वतःचाच आवाज ऐकत उभा. मी गाणं तसंच पूर्ण केलं, काय करणार. नंतरच्या गाण्याच्या टाळ्या कमी होत्या हे पण सांगतो.

तर आवाजाचे थर भरायचे असतील तर माइक तोंडाला चिकटवून, मॉनिटरचा (स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज कमी करून, आणि एक थर भरला की लगेच ऐकून बघा. मॉनिटर मोठा असेल तर स्पीकरमधून येणारा आधीचा थर पण माइकमधून परत आत जातो, दोन फेऱ्यांत शिटी.

साऊंडवाल्या दादांशी आधी बोलून घ्या. त्यांनी ऑर्केस्ट्रा केलेला असतो, ऑक्टोपॅड, ढोलकी, बँजो सगळं केलेलं असतं, पण एकाच गिटारमधून ढोलक येणार हे त्यांच्या डोक्यात नसतं. मग ते गिटार म्हणून बेस कापून ठेवतात आणि तुमचा धप्पचा टप्प होतो. मी आता पोचल्या पोचल्या सांगतो, "दादा, ह्या लाइनमध्ये ढोल पण आहे, गिटार पण आहे, खालचा काढू नका," आणि एकदा वाजवून दाखवतो. आणि साऊंडचेकला पूर्ण चार थर भरून दाखवा, नुसतं हॅलो हॅलो नको, कारण चौथ्या थरालाच स्पीकर फाटतो. हम, म्हणजे घूं असा आवाज, येत असेल तर डीआय बॉक्सवरचं (गिटारची लाइन मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

ॲडॉप्टर दोन ठेवा. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस, वाटेल तो सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर लावून पेडल जाळलेले लोक मला माहितीयेत (एक तर रोज आरशात दिसतो). केबल पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, सुटी वायर आणि चांगले जॅक आणून स्वतः सोल्डर करा, एका रविवारी शिकता येतं. आणि लाईट गेली की फिरता लूप गेला, इन्व्हर्टरवर दिवे लागतील पण तुमचा ॲम्प लागेलच असं नाही, म्हणून प्रत्येक गाणं लूपरशिवाय नुसत्या गिटारवर पण गाता आलं पाहिजे. ज्या गाण्याचं तसं जमत नाही ते मी लिस्टमधून काढून टाकतो, कारण त्याचा अर्थ ते गाणं मला येतच नाही.

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्यांची गाणी लाइव्ह गायची तर शब्द आणि चालीच्या हक्काचं लायसन्स लागतं, आपल्याकडे ते आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते, आणि ते साधारणपणे कॅफेवाल्याने किंवा आयोजकाने घ्यायचं असतं. तुम्ही फक्त विचारून ठेवा आणि मेसेजमध्ये लिहून घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर साधारणपणे बंद, त्यामुळे तुमचं सगळ्यात भारी गाणं पावणेदहाला ठेवू नका, साडेनऊला उरकून टाका.

पैशाचं सगळे विचारतात, आणि त्याच्या मागोमाग नोकरी सोडू का हे पण. पहिल्या कार्यक्रमाला मला एक पास्ता आणि पाचशे रुपये मिळाले होते. आता बरं मिळतं, पण जून ते सप्टेंबर उघड्यावरचे कार्यक्रम बंद, गोव्यात पावसाळ्यात शॅकच उतरवतात, गणपतीचे दहा दिवस सोडले तर पावसाळा कोरडाच. कॅफेवाला म्हणतो, "बँड बोलवायचा तर चौघांचे पैसे, तू तर एकटाच आहेस ना." ह्याला माझं उत्तर ठरलेलं आहे, एकटा आहे पण चौघांचं सामान एकट्याने उचलून आणलंय, तिसरा मजला, लिफ्ट बंद. कधी कधी चालतं हे उत्तर, कधी कधी परत पास्ताच येतो. नोकरी अजून आहे. सोमवारी नऊची मीटिंग असते म्हणून रविवारचे कार्यक्रम मी घेत नाही.