गरोदरपणात कंबर धरते? आधी उशी नीट लावा

पाचव्या महिन्यानंतर कंबर जास्त बोलते ती रात्री कूस बदलताना आणि सकाळी उठताना. कुशीवर झोपा, शक्यतो डाव्या. गुडघ्यांमध्ये घेतलेली उशी घोट्यापर्यंत पोचायला हवी; आखूड उशीने वरचा पाय पुढे लोंबतो आणि कमरेखालचे सांधे पिळले जातात. महागडी उशी लागतेच असं नाही, पोटाखाली जुन्या सुती साडीची घडी सरकवली तरी भागतं. उठताना गुडघे जुळवून कुशीवर या, पाय पलंगावरून खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. शेक कोमटच, 10 मिनिटं, फक्त कमरेला. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाची गोळी किंवा मलम परस्पर वापरू नका. दुखणं थांबून थांबून कळांसारखं येत असेल, अंगावरून जात असेल किंवा लघवीला जळजळत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.