पहिला सॉफ्टवेअर प्रकल्प : ऊसकाट्यावर उभं राहून शिकायच्या गोष्टी

सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा इथून कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन बाहेर पडणारे बरेच जण सरळ पुण्याची वाट धरतात. जे इथेच कामाला लागतात त्यांच्या हाती पहिल्यांदा येतं ते साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, हळदीची अडत किंवा दवाखान्याचं सॉफ्टवेअर. कॉलेजातल्या प्रकल्पात आणि यात मोठा फरक असतो. इथे चूक झाली तर मार्क जात नाहीत, कुणाचं तरी बिल चुकतं.

हे सगळं लेखन एकाच उदाहरणावर बेतलं आहे : कारखान्याच्या ऊसकाट्याचं सॉफ्टवेअर. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. ऊस गव्हाणीत (ऊस गाळायला टाकायच्या जागी) उतरतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे निव्वळ वजन. त्याची पावती निघते आणि पुढे त्या पावत्यांवरून शेतकऱ्याचं बिल होतं. ऐकायला चार ओळींचं काम वाटतं. सॉफ्टवेअर प्रकल्पात जे जे अडतं ते सगळं या चार ओळींत सापडतं.

आधी काट्यावर जा

गरजा समजून घ्यायच्या म्हणजे ऑफिसात बसून साहेबांशी एक मीटिंग करायची, असा समज घेऊन नवीन माणूस येतो. साहेब काम कसं व्हायला हवं ते सांगतात. काम प्रत्यक्षात कसं होतं ते काटा क्लार्कला माहीत असतं. म्हणून दोन पाळ्या तरी काट्याच्या केबिनमध्ये बसा, त्यातली एक रात्रीची असू द्या. चिटबॉय (शेतात उसाच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस), शेती विभागातला माणूस, अकाउंटवाला, ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि एखादा शेतकरी अशा पाच जणांशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवलं तर सगळ्यात मोठ्या हुद्द्याचा माणूस एकटाच बोलतो.

प्रश्न दोनच विचारायचे. रोज काय होतं? आणि कधी अडतं? खरं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतं. भरगाडीचं वजन झालं आणि गाडी यार्डातच बंद पडली, रिकामं वजन दुसऱ्या दिवशी झालं : पावती कोणत्या तारखेची? एका ट्रॉलीत दोघा भावांचा ऊस आला : वजन कसं वाटायचं? ऊस यंत्राने तोडलेला आहे, पाचटाची वजावट धरायची : ती वजनातून की रकमेतून? एकाच गावात एकाच नावाचे तीन खातेदार आहेत : ओळख कशावरून? यातला एक जरी प्रश्न डेटाबेस बांधून झाल्यावर कळला, तर नुसता कोड बदलून भागत नाही, टेबलांची रचनाच बदलावी लागते. म्हणून हे आधी.

त्याच वेळी शब्दांची यादी करा. ‘गाडी’ म्हणजे वाहन की खेप? एकच ट्रॅक्टर दिवसात तीनदा येतो, तेव्हा क्लार्क ‘तीन गाड्या झाल्या’ म्हणतो, तर वाहतूक विभागाच्या लेखी ती एकच गाडी असते. ‘चिठ्ठी’ शेतात मिळते, ‘पावती’ काट्यावर. प्रत्येक शब्दापुढे एका वाक्यात अर्थ लिहा आणि टेबलांची, रकान्यांची नावं त्याच शब्दांवरून ठेवा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू हे लागणीचे हंगाम, खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) किंवा को ८६०३२ सारखी उसाची जात कधीही हाताने टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर हंगामाच्या शेवटी एकाच जातीची सात रूपं निघतात आणि जातवार रिपोर्ट कुणालाच जुळवता येत नाही.

संध्याकाळी सगळं दोन पानांत लिहून दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना वाचून दाखवा. वाचताना ते ‘तसं नाही हो’ म्हणून अडवतील, त्या जागा लाल पेनाने खुणा करून ठेवा. दुरुस्त कागदावर तारीख आणि सही घ्या. सही भांडणासाठी नसते. तीन महिन्यांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही की काय ठरलं होतं, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

वजन, दर आणि एक रुपया

कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक सहसा द्विमान पद्धतीने साठवतो. बहुतेक भाषांत साध्या फ्लोट प्रकारात (दशांश संख्या ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात) ०.१ आणि ०.२ मिळवले तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३ पेक्षा अगदी किंचित जास्त येतं. एका पावतीत हे दिसत नाही, हजारो पावत्यांच्या बेरजेत दिसतं. यावर उपाय साधा आहे : वजन किलोच्या पूर्णांकात ठेवा, पैसे पैशांच्या पूर्णांकात किंवा डेसिमल प्रकारात ठेवा. टन फक्त छापताना दाखवा.

दुसरी अडचण पूर्णांकित करण्याची. समजा दर टनाला ३,२७५ रुपये आहे आणि एका शेतकऱ्याच्या तीन खेपा १२,१५५, १२,१९५ आणि १२,२३५ किलोच्या आहेत. प्रत्येक खेपेची रक्कम काढली तर ३९,८०७.६२५, ३९,९३८.६२५ आणि ४०,०६९.६२५ रुपये येतात. प्रत्येक वेळी पूर्ण रुपया केला तर बेरीज १,१९,८१७. आधी वजनाची बेरीज ३६,५८५ किलो करून मग दर लावला तर १,१९,८१५.८७५, म्हणजे १,१९,८१६. फरक एक रुपयाचा. शेतकरी पावत्या जपून ठेवतो आणि बिल आलं की कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. तो एक रुपया त्याला सापडतो आणि त्याचा सगळ्या हिशेबावरचा विश्वास डळमळतो. पूर्णांक कुठल्या टप्प्यावर करायचा हे अकाउंट विभागाकडून लेखी घ्या आणि कोडमध्ये ते एकाच फंक्शनमध्ये ठेवा. बिलात एक, रिपोर्टमध्ये दुसरं असं झालं की आकडे कधीच जुळत नाहीत.

दर तर कोडमध्ये लिहूच नका. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव, दर हंगामाला केंद्र सरकार ठरवतं, पण आपल्या भागात प्रत्यक्ष दर हंगाम चालू असताना बदलू शकतो, आंदोलनानंतर मागच्या तारखेपासून फरक द्यायचं ठरतं, दुसरा हप्ता येतो. दराचं वेगळं टेबल हवं आणि त्यात ‘या तारखेपासून’ हा रकाना हवा. आधी निघालेलं बिल कधी पुसायचं नाही, फरकाचं नवं बिल काढायचं. जुनं बिल बदललं तर शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि स्क्रीन यांत मेळ राहत नाही आणि लेखापरीक्षणात उत्तर देता येत नाही.

बिलाच्या तारखेलाही इथे फार किंमत आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. तेव्हा ‘ऊस पोचल्याची तारीख’ म्हणून भरवजनाची वेळ धरायची की रिकाम्या वजनाची, हा प्रश्न प्रोग्रॅमरने स्वतःच्या मनाने सोडवायचा नाही.

कऱ्हाड आणि कऱ्हाड

मराठी नावं हा वेगळाच मामला आहे, आणि याबद्दल कॉलेजात कुणी फारसं बोलत नाही. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ ही एकाच गावाची दोन रूपं झाली. पण ‘कऱ्हाड’ सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवरून ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येतो, दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह येतं. स्क्रीनवर दोन्ही सारखी दिसतात. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून शोधल्यावर निम्मे खातेदार सापडतच नाहीत. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ ही आडनावंही अशीच अडकतात. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायच्या पद्धतीने) हे मिटत नाही. नाव साठवण्याआधी एका फंक्शनमधून काढायचं : दोन्हींपैकी एकच रूप करायचं, पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढायच्या, मधल्या दोन जागांची एक करायची.

रकान्याची लांबीही तपासा. काही डेटाबेस लांबी बाइटमध्ये धरतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पाटील’ची पाच चिन्हं म्हणजे १५ बाइट. ‘कुलकर्णी’ची आठ चिन्हं म्हणजे २४ बाइट. रकाना २० बाइटचा असेल तर चाचणीत टाकलेले सगळे पाटील आत जातात आणि पहिल्या कुलकर्णींना प्रोग्रॅम बंद पडतो. चाचणीचा डेटा खऱ्या सभासद यादीतल्या सर्वांत लांब दहा नावांवरून बनवा. जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर तो युनिकोड नसतो, तिथे फाँट बदलून काही होत नाही. तो रूपांतरित करावा लागतो आणि नंतर माणसाने नजरेखालून घालावा लागतो. या कामाला वेळापत्रकात वेगळा आठवडा ठेवा.

वजन येतं कुठून

काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) बहुतेक वेळा सिरियल केबलने आकडे पाठवतो. इंडिकेटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडची बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग), डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट ही सेटिंग तंतोतंत एक लागतात. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे २४०० असेल तर आकड्यांऐवजी कचरा येतो. नवीन माणूस इथे दोन दिवस कोड तपासत बसतो. आधी प्रोग्रॅम बाजूला ठेवून साध्या टर्मिनलवर आकडे वाचता येतात का ते बघा.

गाडी काट्यावर चढताना आकडा हलत असतो. बटण दाबलं तेव्हाचा आकडा थेट घेतला तर कधी चाक अर्धं बाहेर असतं. लागोपाठ काही वाचनं सारखी आली तरच वजन धरायचं, आणि इंडिकेटर स्थिर असल्याची खूण पाठवत असेल तर ती तपासायची. हाताने वजन टाइप करायची सोय ठेवायचीच असेल, तर कोणी, केव्हा, का टाइप केलं याची नोंद पुसता न येणारी हवी.

वीज जाते, नेट जातं, क्लार्क दोनदा बटण दाबतो. त्यामुळे एकाच खेपेच्या दोन पावत्या निघतात. बटण काही सेकंद बंद ठेवणं हा अर्धाच उपाय झाला. खेपेचा क्रमांक काट्यावरच तयार व्हावा आणि डेटाबेसमध्ये तो दुसऱ्यांदा घालताच येऊ नये असा निर्बंध हवा. नोंद आधी जागेवरच्या मशीनवर, मग सर्व्हरवर. नेट नाही म्हणून गाड्या थांबता कामा नयेत.

पावतीच्या छपाईचंही मोजमाप करा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर देवनागरी सहसा चित्र म्हणून छापली जाते, त्यामुळे वेळ लागतो. एका पावतीला ४० सेकंद जादा लागले आणि दिवसाला ३०० पावत्या असतील तर १२,००० सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. तेवढा वेळ मागची गाडी रांगेत उभी राहते आणि तेवढा ऊस वाळतो. पावतीचा न बदलणारा मजकूर कागदावर आधीच छापून घेतला तर हा वेळ बराच वाचतो.

मोळी पडायच्या आधी

कारखान्याची तारीख सरकत नाही. मोळी पडली, म्हणजे गाळप हंगाम सुरू झाला, की काटा सुरू व्हायलाच हवा. म्हणून अंदाज बांधताना ‘पावती मॉड्यूल, आठ दिवस’ असं लिहू नका. एक दिवसापेक्षा मोठं प्रत्येक काम फोडा. पावती म्हणजे कागदाचा आकार, दुसरी प्रत, रद्द पावती, पुन्हा छपाई, रिबन संपल्यावर काय. फोडल्यावर आठाचे चौदा दिवस निघतात, आणि खरा आकडा तोच असतो. काम मागे पडलं तर शेवटच्या पंधरवड्यात माणसं वाढवू नका. चौघांत बोलायच्या जोड्या सहा असतात, आठ जणांत अठ्ठावीस. जुनी माणसं नव्यांना समजावण्यातच अडकतात. त्यापेक्षा कामं कमी करा : काटा, पावती आणि बिल आधी, जातवार रिपोर्ट आणि मोबाइल ॲप डिसेंबरात.

‘एवढं एक बटण टाका’ अशी मागणी आली तर नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. एका वहीत लिहा : काय हवं, कुणी सांगितलं, किती दिवस, त्यासाठी काय मागे जाईल. शेवटचा रकाना मागणाऱ्याला दाखवला की निम्म्या मागण्या पुढच्या हंगामावर जातात.

गिटबद्दल (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाबद्दल) थोडक्यात. शाखा (कोडची वेगळी काढलेली प्रत) दोन दिवसांपेक्षा जास्त वेगळी ठेवू नका, जितकी लांबते तितकं जुळवणं अवघड होतं. डेटाबेसचा पासवर्ड रिपॉझिटरीत (गिटने जपलेल्या कोडच्या साठ्यात) एकदा गेला की फाइल पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो, पासवर्डच बदलावा लागतो. आणि एखाद्या अडचणीवर पाऊण तास गेला की सीनिअरला विचारा, पण विचारताना काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं आणि एररचा पूर्ण मजकूर हे चारही सांगा. ‘चालत नाहीये’ एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही.

चाचणीत सरळ गाड्या चालवून बघू नका, वाकड्या चालवा. रिकामं वजन भरवजनापेक्षा जास्त. रात्री बारा वाजता पाळी बदलताना दोन्ही वजनांच्या मध्ये तारीख बदललेली. सोसायटीच्या कर्जाची वसुली बिलापेक्षा मोठी : बिल उणे निघतं की शून्यावर थांबून बाकी पुढे जाते?

सुरुवातीचे पंधरा दिवस जुनं रजिस्टर आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा आणि रोज पाळी संपताना एकूण वजन जुळवा. क्लार्कला दुप्पट काम पडतं, तो कुरकुरेल, त्याचं बरोबर आहे. त्याच्यासाठी जुळवणीचा रिपोर्ट एका बटणावर तयार ठेवा. बॅकअप रोज घ्या, एक प्रत काट्याच्या इमारतीबाहेर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून पावत्यांची संख्या मोजा. उघडून न बघितलेला बॅकअप हिशेबात धरू नका. हंगाम चालू असताना नवी आवृत्ती टाकायचीच असेल तर गाडीतळ रिकामा असेल अशी वेळ क्लार्कला विचारून घ्या, आणि जुनी आवृत्ती पाच मिनिटांत परत लावता येते का ते आदल्या दिवशी करून बघा.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की लगेच दुसऱ्या प्रकल्पाकडे वळू नका. क्लार्कच्या टेबलावर एक वही असते, तिच्यात त्याने सॉफ्टवेअरमध्ये न बसलेल्या गोष्टी पेनाने लिहून ठेवलेल्या असतात : कुठली गाडी, कुठली तारीख, काय केलं. ती वही मागून घ्या आणि त्याच्याच शेजारी बसून एकेक ओळ वाचा. पुढच्या हंगामाच्या कामाची यादी त्या वहीतूनच करायची असते.