पाहुण्यांना दक्षिण मुंबई दाखवण्याआधीची तयारी

परिषदेसाठी बाहेरगावचे, परदेशातले वीस-पंचवीस लोक आलेले असतात, परतीच्या आधी त्यांचा एक दिवस मोकळा असतो, आणि आयोजकांकडून निरोप येतो, "जरा मुंबई दाखवा." निरोप आला की बहुतेक जण ठिकाणांची यादी करायला बसतात. गेटवे, घारापुरी (म्हणजे एलिफंटा), म्युझियम, धोबीघाट, हाजी अली, सिद्धिविनायक, बँडस्टँड. दिवसभर भोज्याला शिवून पाहुणे संध्याकाळी हॉटेलवर परततात, आणि त्यांच्या लक्षात काय राहतं, तर बसमधल्या पुढच्या सीटचं कव्हर. म्हणून ठिकाणं सगळ्यात शेवटी लिहा. कागदावर आधी लिहायचं ते वार, तारीख, भरतीची वेळ आणि ऊन कुठल्या बाजूने येणार ते.

त्याच्याही आधी माणसं. आयोजकांना एकच फोन करा, पण त्यात सगळं विचारून घ्या. किती जण, साधारण वय काय, कुणाचे गुडघे दुखतात का, कुणाला बोट लागते का. शाकाहारी किती, जैन किती, हलाल लागणारे किती, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे. मुंबई पहिल्यांदा बघणारे किती आणि गेटवे आधीच पाहून झालेले किती. परदेशी किती, हेही विचारा, कारण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्यांचं तिकीट वेगळं असतं. घारापुरीला भारतीयांना ४० रुपये पडतात, तिथे बहुतेक परदेशी पाहुण्यांना ६०० पडतात. वीस जणांत हा फरक दहा हजारांच्या वर जातो, आणि तो कोटेशन दिल्यानंतर लक्षात आला तर तुमच्याच खिशातून जातो.

आता वार. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. तिथल्या बेटावर बोटीने नेणाऱ्या लाँचवाल्यांच्या आसपास फिरणारे दलाल हे सांगतीलच असं नाही. बुधवारी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असतं. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या वाटेला जायचं असेल तर बाकी काही ठरवू नका. रविवारी फोर्टचा ऑफिसांचा भाग रिकामा असतो, चालायला त्याच्यासारखा दिवस नाही, पण डबेवाले दिसणार नाहीत, बरीचशी दुकानं बंद असतील आणि दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असेल. शनिवारीच त्याचं वेळापत्रक बघून ठेवा. तारखांचंही तसंच. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनसाठी रस्ते बंद असतात, ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी असते, अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या दिशेला गाडी वळवायचीच नाही. अर्थात पाहुण्यांना विसर्जनच बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग दिवसाची आखणी त्याच्याभोवतीच करा आणि मुक्काम चालत पोचता येईल इतका जवळ ठेवा.

वार ठरला की ऊन. दक्षिण मुंबई म्हणजे दोन्हीकडे पाणी असलेली चिंचोळी पट्टी. पूर्वेला बंदर, पश्चिमेला खुला समुद्र. गेटवे आणि ताज पूर्वेच्या पाण्याकडे तोंड करून उभे आहेत. सकाळी नऊच्या लाँचमध्ये बसलात आणि धक्का सोडून दोनशे मीटर आत गेलात की दोन्ही इमारतींवर समोरून ऊन पडलेलं असतं. फोटो घ्यायचा तो तिथून. शहराच्या बाजूने सकाळी फोटो काढला तर गेटवे काळा आणि आकाश पांढरं येतं. हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर ओव्हल मैदानाच्या पूर्वेला आहेत आणि त्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे तो दगड उजळतो दुपारी चारनंतर. आणि मरीन ड्राइव्हला सूर्य समुद्रात बुडतो, हे सांगायला नकोच. थोडक्यात, सकाळी पूर्व किनारा, दुपारी मधला फोर्ट, संध्याकाळी पश्चिम किनारा. हा क्रम सूर्याने ठरवून दिलेला आहे, तो उलटा करून काही मिळत नाही. अंतरंही सोयीची आहेत. गेटवेपासून म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) दहा मिनिटांच्या चालीवर, तिथून ओव्हल तेवढंच, ओव्हलपासून मरीन ड्राइव्ह तेवढंच. दुपारनंतर बस लागतच नाही.

घारापुरीचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय कुणालाही "हो" म्हणू नका. जायला साधारण तास, यायला तास. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत चाल किंवा छोटी आगगाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. पाहुणे थांबणार, टोप्या घेणार, घासाघीस करणार. ती वीस मिनिटं धरूनच ठेवा. लेण्यात तास-सव्वा तास. परतीच्या लाँचसाठी रांग. सगळं मिळून साडेचार-पाच तास, म्हणजे अर्धा दिवस गेला. पहिल्या-दुसऱ्या लाँचनेच निघा. अकरानंतर पायऱ्यांवर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. चढू न शकणाऱ्यांसाठी डोली मिळते, पण भाव खालीच ठरवा, जाऊन-येऊन असा शब्द वापरूनच. खाण्याची पिशवी हातात नको, माकडं थेट हिसकावतात. लाइफ जॅकेट घालायला कुणी कंटाळा केला तर ऐकून घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट आदळून घारापुरीलाच निघालेली लाँच बुडाली होती.

आणि लेण्यात शिरल्यावर लगेच बोलायला सुरुवात करू नका. मुख्य लेण्याचं दार उत्तरेला आहे, सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती अगदी आत, दक्षिणेच्या भिंतीत. बाहेरच्या लख्ख उजेडातून आल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. दोन मिनिटं खांबापाशी उभे राहा, मूर्ती आपोआप पुढे येते. त्यानंतर सांगा की हे काम सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कुणीतरी "मग एलिफंट कुठे?" असं विचारतोच. तो दगडी हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

पाहुण्यांत वयस्कर जास्त असतील, किंवा पावसाळा असेल, तर घारापुरी सरळ काढून टाका. जून ते ऑगस्टमध्ये समुद्र खवळला की लाँच बंद होतात, आणि ते सकाळी धक्क्यावर जाऊनच कळतं. मोठ्या भरतीचे, म्हणजे पाणी साडेचार मीटरच्या वर चढण्याचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी मोबाइलमध्ये ठेवा. त्यातल्या दिवशी जोराचा पाऊस आला तर सखल भागात पाणी तुंबणार हे धरून चाला. अशा दिवसासाठी छपराखालची मुंबई लागते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गावदेवीचं मणिभवन, दोन्हींच्या मध्ये एखादं इराणी हॉटेल. मणिभवन लहान आहे, तासाभरात होतं, पण १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथेच उतरत, त्यामुळे परदेशी पाहुणे तिथून पटकन निघत नाहीत.

सोमवार आला तर माझी पसंती वेगळीच. सकाळी साडेअकराच्या सुमारास चर्चगेटला डबेवाले उतरतात. फुटपाथवर डबे लावले जातात, रंगांची अक्षरं बघून वाटणी होते आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं पांगतं. बाजूला भिंतीशी उभं राहायचं, वाटेत यायचं नाही, "थांबा, फोटो" म्हणायचं नाही. ते कामावर असतात. नंतर एक लोकलचा प्रवासही याच वेळेत बसतो. अकरा ते साडेतीनच्या मध्ये, फर्स्ट क्लासचं तिकीट काढून, चर्चगेटहून महालक्ष्मीपर्यंत. तिथे पुलावरून धोबीघाट दिसतो, त्यासाठी खाली गल्लीत शिरायची गरज नाही.

जेवण. फोर्टात एक ते दोन ऑफिसांची सुट्टी असते, तेव्हा वीस जणांना टेबल मिळणं कठीण. घारापुरीहून परतून दोनला बसा, आधी फोन करून. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासून चालू आहे, बेरी पुलावासाठी लोक तिथे येतात. मोठ्या गटाला मात्र बंद एसी हॉल बरा पडतो, तिथे निदान एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. स्वच्छतागृहांचे थांबे वेगळ्या रंगात लिहा: लाँचला बसण्याआधी, जेवणाच्या ठिकाणी, म्युझियममध्ये. मरीन ड्राइव्हला जायच्या आधी शेवटचा. पाहुणे मागत नाहीत, पण दिवस कसा गेला हे पुष्कळदा यावरच ठरतं.

दुपारी म्युझियमला दीड तास द्या आणि तीनच दालनं निवडा. गेटवेचा आणि याचा वास्तुकार एकच, जॉर्ज विटेट. हे सांगितलं की लोक घुमटाकडे पुन्हा बघतात. गेटवेबद्दल सकाळी एवढंच पुरे: १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आला तेव्हा कमान उभी नव्हती, ती पूर्ण झाली १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. एका थांब्याला अशा दोन-तीन गोष्टी. बाकीची माहिती कुणी विचारली तर.

चारनंतर ओव्हलवर. मैदानाच्या मधोमध उभे राहिलात की एका बाजूला हायकोर्ट-विद्यापीठाच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीतल्या घरांची रांग, आणि मध्ये मुलांचं क्रिकेट. या दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. राजाबाई टॉवर २८० फुटी आहे, १८७८ मध्ये पूर्ण झाला. माझ्या मते पूर्ण दिवसातला हा सगळ्यात मोलाचा अर्धा तास, आणि त्याला तिकीट नाही. तिथून पश्चिमेला चालत मरीन ड्राइव्ह. सूर्यास्ताची वेळ त्या तारखेची बघा, कारण डिसेंबरात तो सहाच्या सुमारास होतो आणि जूनच्या सुरुवातीला सव्वासातच्या. पाऊण तास आधी पोचा. कट्ट्यावर बसू द्या, माहिती सांगणं बंद. सीएसएमटी स्टेशनची इमारत सगळ्यात शेवटी, रात्रीच्या रोषणाईत, हॉटेलवर परतताना.

काय वगळायचं हेही लिहून ठेवा, म्हणजे बसमध्ये कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. हाजी अली भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जातो, रस्ता बुडतो. ओहोटी जुळत असेल तरच, आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, कालची वेळ आज चालत नाही. वांद्रे वेगळ्या दिवसाचं. धारावी "बघायला" मी कुणाला नेत नाही. कुंभारवाड्यातली मडकी किंवा चामड्याची बॅग घ्यायची असेल तर दुकानात जा, घेऊन या.

गाडीचं सांगायचं तर गेटवेजवळ मोठी बस उभी राहू देत नाहीत. उतरायची जागा, थांबायची जागा आणि पुन्हा उचलायची जागा अशा तिन्ही ड्रायव्हरशी बोलून ठरवा, नकाशावर खूण करून. वीसच्या खाली माणसं असतील तर दोन टेम्पो ट्रॅव्हलर बसपेक्षा बरे. ड्रायव्हरचं जेवण, भत्ता, पार्किंग, टोल कोटेशनमध्ये वेगळे दाखवा. गाइड केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेला घ्या, लेण्यात दारावरच विचारतात. भाषेची खात्री फोनवर पाच मिनिटं बोलून करा. फ्रेंच येतं असं म्हणणारे बरेच भेटतात.

आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना एकाच पानाचा मजकूर पाठवा: निघायची वेळ, पायात काय घालायचं, टोपी, पाण्याची बाटली, ड्रायव्हर आणि गाइडचा नंबर, आणीबाणीसाठी ११२. वेळा पंधरा मिनिटांच्या पटीतच लिहा. दहा चाळीस असं लिहिलं की दहा पंचेचाळीसला लोक चिडतात. आयोजकांच्या प्रतीत मात्र आणखी एक रकाना ठेवा, उशीर झाला तर कुठलं ठिकाण गळणार. घारापुरीला अर्धा तास जास्त गेला तर म्युझियमची दोन दालनं, एक तास गेला तर अख्खं म्युझियम. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हला हात लावायचा नाही. मग लाँचच्या तिकीट खिडकीवर ओळखीचं कुणी असेल तर सकाळी साडेसातला समुद्राची खबर घ्या, आणि ड्रायव्हरला त्याच वेळी उठवा.