‘पॅशन’ विचारू नका, काम करून बघा: डेव्हलपर निवडताना

‘पॅशनेट डेव्हलपर पाहिजे’ अशी जाहिरात टाकण्याआधी, नव्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत नेमकी कोणती चार-पाच कामं उरकायची आहेत ते लिहून काढा. त्यातून लागणारी कौशल्यं वेगळी करा: पहिल्या दिवसापासून हवीतच अशी, आणि दोन महिन्यांत शिकता येतील अशी. एखादं फ्रेमवर्क (ज्यावर प्रोग्राम उभारतात तो तयार कोडचा सांगाडा) बहुधा शिकता येतं. डीबगिंग, म्हणजे कोडमधली चूक (बग) शोधून दुरुस्त करणं, मात्र येतच असायला हवं.

मग चाचणी. तर्काची कोडी नकोत. तुमच्या कामाशी जुळणारा तीन-चारशे ओळींचा कोड द्या आणि त्यात दोन बग ठेवा. एक टेस्ट चालवताच दिसणारा, दुसरा एकाच वेळी दोन रिक्वेस्ट आल्या तरच उघडा पडणारा. आधी टीममधल्या दोघांकडून सोडवून घ्या. त्यांना ४० मिनिटं लागली तर उमेदवाराला ९० द्या, कारण त्याला कोड अनोळखी असतो.

आठ तासांची ‘घरून करून आणा’ असाइनमेंट देऊ नका. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणारे कुशल लोक तिथेच गळतात, आणि ज्यांच्याकडे मोकळा वेळ आहे तेच उरतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर कोणी कोणत्या दिवशी काम केलं हे दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांचीही तीच गत. अनेकांचं सर्वोत्तम काम कंपनीच्या खासगी रिपॉझिटरीत असतं, ते तुम्हाला दिसणारच नाही. सुट्टीच्या दिवशी कोड न लिहिणाऱ्याला कामाची आवड नाही असं ठरवणं सरळ अन्याय आहे.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला १ ते ४ गुण, आणि ३ म्हणजे नक्की काय हे आधीच लिहिलेलं. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या विश्लेषणात अशा आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) सरासरी ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा फक्त ०.१९. चर्चेआधी प्रत्येक मुलाखतकाराने आपण दिलेले गुण लिहून द्यावेत, नाहीतर सगळे साहेबांच्या मताकडे झुकतात.

आवडीचं काय? तुम्हाला खरं तर हवी असते चिकाटी आणि शिकण्याची तयारी. ‘तुम्हाला कोडिंग आवडतं का?’ याला कोण नाही म्हणेल! त्याऐवजी शेवटच्या किचकट बगबद्दल विचारा आणि खोलात जा: आधी कशावर संशय होता, तो चुकीचा आहे हे कशावरून कळलं, लॉगमध्ये (प्रोग्राम स्वतः करत जातो त्या नोंदींत) काय दिसलं? स्वतः झगडलेला माणूस चुकलेले अंदाजही सांगतो. उत्तर ‘आम्ही ते सोडवलं’ इथेच थांबलं, तर ‘त्यात तुम्ही काय केलंत?’ असं विचारा.

फ्रेशरसाठी थोडं बदला. अनोळखी लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) माहितीची दोन पानं वाचायला द्या, छोटं काम सांगा, अडला की एक इशारा द्या. गुण पहिल्या प्रयत्नाला नाही, इशाऱ्यानंतरच्या प्रयत्नाला.

निवडलेल्यांचे गुण जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहा. ज्या प्रश्नाला सगळ्यांनाच ४ मिळतात, तो काढून टाका.