नवा बोर्ड टाकला, तरी मशीन बंद पडतंय?

कॉम्प्युटर हार्डवेअरच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मदरबोर्डवर काय कुठे असतं ते तुम्हाला ठाऊक असणार, त्यामुळे रॅम कशी लावायची ते सांगत बसत नाही. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात बेंचवर शिकले, आता नवी मुंबईत महापे-रबाळेच्या ऑफिसांची एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) कामं करते. बोर्ड बदलून दिलेलं मशीन लगेच परत आलं, तर माझ्या अनुभवात नव्या बोर्डचा दोष क्वचितच निघतो. बहुतेक वेळा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, नीट बसलेला नसतो.

पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या अनेक मशीनमध्ये ते मालकाला पत्ताही नसताना चालू असतं. बोर्ड बदलला की टीपीएम (किल्ली जपणारी सुरक्षा चिप) जुळत नाही आणि मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती कुठेच सापडली नाही तर डिस्क धडधाकट असूनही डेटा हाती लागत नाही. ऑफिसात आयटीवाल्यांकडून, घरगुती कस्टमरकडे त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ती आधी काढून घ्या, मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावा. इथे भिडस्तपणा करू नका. विचारलं म्हणून कस्टमर रागावत नाही, डेटा गेला की मात्र रागावतो.

जुना बोर्ड काढताना फ्रंट पॅनलच्या बारीक वायरींचा फोटो घ्या. एएमडीचं एएम४ सॉकेटचं मशीन असेल तर हीटसिंक सरळ वर कधीही ओढू नका. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि त्या सॉकेटचं लीव्हर लावलेलं असूनही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपटून येतो, पिना वाकतात. मशीन चालू होत असेल तर दहाएक मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. बोर्ड मेलेलाच असेल तर हीटसिंकला हेअर ड्रायरची ऊब द्या. मग डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. इंटेलच्या बोर्डवर पिना सॉकेटमध्ये असतात. नव्या सॉकेटवरची काळी टोपी टाकून देऊ नका, ती जुन्या बोर्डवर लावा. उघड्या सॉकेटची एक पिन जरी वाकली तरी डीलर वॉरंटीत बोर्ड घेत नाही.

आता मुख्य मुद्दा, इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणारा गोल कूलर, म्हणजे फॅन लावलेला हीटसिंक. कोपऱ्यांत चार पुश-पिना. प्रत्येक पिनेत बाहेर चिरलेले पांढरट प्लॅस्टिकचे पाय आणि आत काळा खिळा. पांढरे पाय बोर्डच्या भोकातून पूर्ण पलीकडे जायला हवेत. मग डोकं दाबलं की काळा खिळा त्यांच्या मधे घुसतो, पाय फाकतात आणि अडकतात. काढताना आपण डोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढतो. परत बसवण्याआधी ते उलट फिरवून मूळ जागी आणायचं असतं, आणि नेमकं हेच राहून जातं. फिरलेलीच पिन दाबली तर खाली जाते, कधी टक असा आवाजही येतो, पण ती लॉक होत नाही. दुसरी चूक म्हणजे एकाच बाजूच्या दोन पिना आधी दाबणं. समोरची बाजू उचलली जाते आणि तिथले पाय भोकाच्या तोंडाशीच दुमडतात. म्हणून कायम तिरप्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या.

वरून बघितलं तर चारही डोकी सारखीच दिसतात. हलवून बघा, हीटसिंक घट्टच वाटेल, कारण बाकीच्या तीन पिनांनी धरलेलं असतं. मशीन चालू होतं, डिस्प्ले येतो आणि विंडोज लोड होता होता बंद पडतं. किंवा बंद न पडता रडतखडत चालतं, कारण तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मग आपण रॅम बदलून बघतो, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलून बघतो, शेवटी बोर्डच खराब म्हणून परत पाठवतो. या एका पिनेपायी माझ्या कित्येक संध्याकाळी बेंचवर गेल्या आहेत.

म्हणून प्रोसेसर, रॅम, हीटसिंक सगळं बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर असतानाच बसवा. बोर्ड खोक्यावर ठेवायची सवय चांगली, पण पिना दाबताना नको. पाय खालच्या पुठ्ठ्याला टेकतात आणि पलीकडे उतरत नाहीत. जाड फोम घ्या, किंवा बोर्ड कडेने उचलून धरा. झाल्यावर बोर्ड उलटा करून चारही भोकं मागून बघा. प्रत्येक ठिकाणी काळं टोक मधोमध आणि पाय दोन्हीकडे फाकलेले दिसले पाहिजेत. एक जरी तिरपं वाटलं तरी काढा, पेस्ट पुसा, नवी लावा, पुन्हा बसवा. नवी पेस्ट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग साफ करून मधोमध मटारच्या बारक्या दाण्याएवढी. जुनीच पेस्ट चालवणं, टूथपेस्ट लावणं हे उपाय व्हिडिओत दिसतात. कस्टमरच्या मशीनवर ते करणं मला फसवणूक वाटते.

जुना हीटसिंक नव्या बोर्डवर बसतोच असंही नाही. भोकांमधलं अंतर इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटला ७२ मिलिमीटर, ११५१ आणि १२०० ला ७५, आणि १७०० ला ७८ आहे. जोर लावून बसवू नका, बोर्ड वाकतो.

हे वाचून घाबरू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की स्टॅटिकने (अंगावर साठलेल्या विजेने) पार्ट उडण्याची भीतीही कमी. एसी आणि गालिचा असलेल्या ऑफिसात मात्र रिस्ट स्ट्रॅप लावाच. हात थरथरतात, सुरुवातीला सगळ्यांचेच. मुलगी आहे म्हणून "इंजिनिअर कधी येणार?" असं मला अजूनही विचारतात, तरी काम हातात बसतंच.

कुणाच्या हाताखाली शिकायचं ते मात्र पारखून घ्या. आमच्या दुकानातले काका स्क्रू ड्रायव्हर कधी हिसकावून घ्यायचे नाहीत. काम झालं की फक्त म्हणायचे, "बोर्ड उलटा कर, दाखव." आवाज आला ना, मग झालं, असं म्हणणारा सीनियर कितीही पटपट काम करत असला तरी त्याच्याकडून हे काम शिकू नका.

कॅबिनेट बंद करण्याआधी फॅनची वायर सीपीयू फॅनच्याच हेडरला लागली आहे ना ते बघा आणि बायोसमध्ये जाऊन तापमानावर नजर ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही ते ४०-५० च्या आसपास स्थिरावलं तर ठीक. डोळ्यांदेखत एकेक अंश चढत ८० कडे निघालं तर लगेच बंद करून बोर्ड बाहेर काढा. पुश-पिना सुट्याही मिळतात. जुन्या कूलरच्या पिनांचे पाय तडकलेले असतील तर त्या तिथेच बदला, आणि बॅगेत त्यांचं एक पाकीट कायम ठेवा.