मॉक वापरून सर्व्हिसची युनिट टेस्ट कशी लिहावी

नाटकाच्या तालमीला एखादा नट आला नाही म्हणून तालीम रद्द होत नाही. कुणीतरी वही हातात घेऊन त्याची वाक्यं वाचतो. नाटकवाले त्याला प्रॉक्सी म्हणतात. युनिट टेस्टमधला, म्हणजे कोडचा एकच छोटा भाग वेगळा काढून तपासणाऱ्या टेस्टमधला, मॉक ऑब्जेक्ट म्हणजे हाच प्रॉक्सी. फक्त स्वतःला कोण काय म्हणालं हेही तो लक्षात ठेवतो आणि नंतर विचारलं की सांगतो.

तेव्हा उदाहरणही नाटकाच्या तिकीटविक्रीचंच घेऊ. भाषा जावा, सोबत टेस्ट चालवायला जेयुनिट ५ आणि मॉक बनवायला मॉकिटो. आपली बुकिंग सर्व्हिस सीट धरून ठेवते, पेमेंट गेटवेकडून (कार्डाचे व्यवहार करून देणाऱ्या कंपनीकडून) पैसे घेते, बुकिंग डेटाबेसमध्ये पक्कं करते आणि प्रेक्षकाला एसएमएस पाठवते. हे सगळं खरंखुरं जोडून टेस्ट लिहिलीत, तर इंटरनेट गेलं की टेस्ट लाल, म्हणजे नापास (पास झाली की हिरवी). शिवाय दर वेळी कुणाच्या तरी मोबाइलवर ‘आपली सीट एफ १२’ जाऊन पडणार, ते वेगळंच.

सुरुवात टेस्टपासून नको

आधी सर्व्हिसचा कोड उघडा आणि त्यात ‘न्यू’, म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनवणारा शब्द, कुठे कुठे आहे ते बघा. सर्व्हिस आतल्या आत स्वतःच गेटवेचा क्लायंट बनवत असेल, तर तिथे प्रॉक्सी उभा करायला जागाच नाही. गेटवे, सीटची रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा कोड), एसएमएस पाठवणारा आणि घड्याळ, हे चौघे कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे सर्व्हिस बनवतानाच, बाहेरून द्या. चारांचे नऊ झाले तर सर्व्हिस नको तेवढी कामं करतेय असं समजा. ही तक्रार टेस्ट लिहायला बसलं की लवकर कळते, नुसता कोड वाचून उशिरा.

गेटवे कंपनीने दिलेल्या लायब्ररीचा थेट मॉक करू नका. मधे आपला एक छोटा इंटरफेस (कोणती कामं करता येतात याची नुसती यादी) ठेवा: पैसे घ्या, पैसे परत करा, व्यवहाराची स्थिती सांगा. मॉक करायचा तो याचा. कंपनीची लायब्ररी प्रत्यक्षात कशी वागते हे आपण अंदाजाने ठरवतो, आणि चुकीच्या अंदाजावर लिहिलेली टेस्टही हिरवीच दिसते.

पहिली टेस्ट: सगळं सुरळीत

तिघांचे मॉक बनवा (घड्याळाचं पुढे बघू) आणि सर्व्हिस नेहमीसारखी ‘न्यू’ करून ते कन्स्ट्रक्टरला द्या. मॉकिटोचं ‘इंजेक्ट-मॉक्स’ हे अॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) तेच काम आपोआप करतं, पण त्याला एखादी जागा भरता आली नाही तर ते गप्प बसतं आणि आपण नलचं (रिकाम्या जागेचं) मूळ शोधत बसतो. मी ते वापरत नाही.

मग मॉकला संवाद पढवा. ‘व्हेन’मध्ये कॉल लिहायचा, ‘देन-रिटर्न’मध्ये उत्तर: पैसे घ्यायला सांगितलं की ‘यशस्वी’ म्हण. त्यानंतर सर्व्हिसची खरी मेथड एकदाच बोलवा आणि आधी तिचा निकाल तपासा: बुकिंगची स्थिती ‘पक्कं’ आहे ना, सीट बरोबर आहेत ना. शेवटी ‘व्हेरिफाय’ने विचारा, की गेटवेला नेमका एकच कॉल गेला ना. पैशाच्या बाबतीत ‘एकच’ला फार किंमत आहे.

जे पढवलं नाही ते विचारलं तर मॉकिटोचा मॉक ओरडत नाही. नल, शून्य, फॉल्स किंवा रिकामी यादी देऊन मोकळा होतो. याउलट, पढवलेलं उत्तर टेस्टमध्ये कुणी विचारलंच नाही, तर मॉकिटोचं जेयुनिट ५ साठीचं एक्स्टेन्शन टेस्ट पाडतं. त्याचा राग येतो खरा, पण ते बंद करू नका. बहुतेक वेळा टेस्ट भलत्याच वाटेने गेलेली असते.

‘एनी’चा मोह

आर्ग्युमेंट काहीही असलं तरी चालेल असं सांगायला मॉकिटोत ‘एनी’ कुटुंबातले मॅचर आहेत. लिहायला सोपे, म्हणून हात तिकडेच जातो. माझाही गेला होता. तीनशेची दोन तिकिटं, गेटवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत हवी, म्हणजे ६०,०००. आमची सर्व्हिस पाठवत होती ६००. टेस्टमध्ये रकमेच्या जागी ‘एनी’ होतं, त्यामुळे मॉकने आनंदाने ‘यशस्वी’ म्हटलं. सहाशे रुपयांची तिकिटं सहा रुपयांत गेली आणि संध्याकाळी हिशेब जुळेना तेव्हा कळलं.

तेव्हापासून नियम केला: रक्कम, सीट क्रमांक, मोबाइल नंबर, ऑर्डर आयडी या जागी खरी किंमत लिहायची, आणि ६०,००० हा आकडा टेस्टमध्ये स्वतःच्या हाताने टाइप करायचा. सर्व्हिसचंच सूत्र वापरून काढला, तर दोन्हीकडे तीच चूक होते. एका जागी मॅचर वापरला की त्या कॉलच्या सगळ्या जागी मॅचर लागतात. खरी किंमत मग ‘ईक्यू’मध्ये गुंडाळून द्यायची. एसएमएसच्या मजकुरासारखी लांब गोष्ट तपासायची असेल तर ‘आर्ग्युमेंट कॅप्टर’ने पकडून सावकाश वाचा.

मॉकची खरी कमाई: बिघाड

खऱ्या गेटवेला ‘आत्ता टाइमआउट दे’, म्हणजे वेळेत उत्तर देऊ नकोस, असं सांगता येत नाही. मॉकला येतं, ‘देन-थ्रो’ने एक्सेप्शन (बिघाडाची सूचना) फेकायला सांगायचं. व्हॉइड मेथड (काहीच उत्तर परत न देणारी) असेल तर उलट्या क्रमाने, ‘डू-थ्रो’ आधी.

इथे दोन वेगळ्या टेस्ट लिहा, कारण दोन वेगळी उत्तरं अपेक्षित आहेत. कार्ड नाकारलं गेलं: पैसे कापले गेलेले नाहीत, सीट लगेच मोकळी करायची, आणि एसएमएस पाठवणाऱ्याला एकदाही बोलावलेलं नाही हे ‘नेव्हर’ने पडताळायचं. टाइमआउट झाला: पैसे कापले गेले की नाही, हे आपल्याला माहीतच नाही. इथे सीट मोकळी केली तर ती दुसऱ्याला विकली जाईल, आणि पुन्हा पैसे मागितले तर दोनदा कापले जातील. म्हणून बुकिंग ‘प्रलंबित’, सीट तशीच धरलेली, गेटवेला दुसरा कॉल नाही. ही दुसरी टेस्ट लिहायला बसलं की टाइमआउटचा विचार कोडमध्ये केलेलाच नाही हे बऱ्याच जणांना तेव्हा कळतं.

कुठे मॉक नको

घड्याळाला मॉक नको. जावात ‘क्लॉक-फिक्स्ड’ आहे, हवी ती वेळ गोठवून देतो. सीट दहा मिनिटं धरायची असेल तर ९ मिनिटं ५९ सेकंदांची एक टेस्ट आणि बरोब्बर दहाची एक. सीट, रक्कम, प्रेक्षक असले साधे डेटाचे ऑब्जेक्ट खरेच वापरा. रिपॉझिटरीचा मॉक सर्व्हिसच्या टेस्टमध्ये चालतो, पण त्याने तुमची एसक्यूएल क्वेरी तपासली जात नाही. तिला खऱ्या डेटाबेसवरची वेगळी टेस्ट लागते. आणि प्रत्येक कॉल व्हेरिफाय करत सुटू नका. तसं केलंत की निकाल तोच ठेवून नुसता कोड नीटनेटका केला तरी वीस टेस्ट पडतात, आणि वैतागून कुणीतरी त्या काढून टाकतो.

गेटवेच्या इंटरफेसमागचा खरा कोड मात्र अजून टेस्टविना उघडाच आहे. त्याच्यासाठी कंपनीच्या सँडबॉक्सला (खरे पैसे न कापणाऱ्या चाचणीच्या गेटवेला) जाणाऱ्या दोन-तीन टेस्ट वेगळ्या ठेवा आणि त्या रात्रीच्या बिल्डमध्ये चालवा. माझ्याकडे त्यातली पहिलीच टेस्ट सहाशे रुपये पाठवते आणि सँडबॉक्सकडून परत आलेल्या पावतीवर ६०,००० पैसे आहेत का ते बघते.